आभाराची ओळ

काउंटीचं पत्र आलं तेव्हा व्हर्ना टोलेफसन नवऱ्याला दलिया भरवत होती. भरवत होती म्हणजे चमचा त्याच्या डाव्या हातात द्यायचा, तो हात तोंडापर्यंत न्यायचा आणि मग सोडून द्यायचा. व्यायाम शिकवणाऱ्या बाईने तसंच सांगितलं होतं. ती बाई मार्चपासून येत नव्हती. लोवेल जितका सुधारायचा तितका सुधारला, असं त्यांच्या विमा कंपनीने ठरवून टाकलं होतं, आणि ज्याने ठरवलं त्याने लोवेलला एकदाही पाहिलं नव्हतं.

शहरातल्या इस्पितळाचे डॉक्टर वेगळं म्हणत होते. अजून वर्षभर रोज व्यायाम आणि बोलण्याचा सराव झाला, तर लोवेल काठी घेऊन चालेल, दोन-चार वाक्यं सलग बोलेल, आपला आपण संडासला जाईल. नाही झाला, तर आज आहे तसाच राहील. त्या एका वर्षासाठी व्हर्नाने काउंटीकडे भरपाई मागितली होती. तिला काही बंगले बांधायचे नव्हते.

पत्र चार ओळींचं होतं. दावा ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या रीतीने दाखल न झाल्यामुळे काउंटी तो नाकारत आहे. खाली सही होती मार्लिस हाउगेनची, काउंटी क्लार्क, म्हणजे काउंटीचं दप्तर सांभाळणारी. मार्लिस आणि व्हर्ना चर्चच्या गायनात सव्वीस वर्षं शेजारी शेजारी उभ्या राहत आल्या होत्या. सहीच्या वर लिहिलं होतं, ‘आपली विश्वासू’.

"विश्वासू!" व्हर्ना म्हणाली. लोवेलच्या हातातला चमचा तेवढ्यात कलला आणि दलिया त्याच्या शर्टावर सांडला. तिने आधी तो पुसला, मग पत्र पुन्हा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना तिची कानशिलं तापली.

झालं होतं ते असं. गेल्या ऑगस्टमध्ये नऊ नंबरच्या काउंटी रस्त्यावर, जिथं खडीचा आडरस्ता येऊन मिळतो तिथली स्टॉपची पाटी पडली. कुणाच्या तरी नांगराचा धक्का लागला असेल. ऑगस्टात मका माणसाच्या डोक्यावर गेलेला असतो, आडवं काही दिसत नाही, त्या चौकात त्या पाटीवाचून दुसरा आधार नाही. दुधाच्या टँकरवाल्याने त्याच दिवशी रस्ते विभागाच्या ड्वेन क्वालेला फोन करून सांगितलं. ड्वेनने वहीत लिहून ठेवलं. पण तो आठवडा काउंटीच्या जत्रेचा. रस्ते विभागाची सगळी माणसं जत्रेत गाड्या लावून घ्यायला आणि दोऱ्या बांधायला. पाटी सहा दिवस खड्ड्यात तोंड खाली घालून पडून राहिली. सहाव्या दिवशी, एकोणीस तारखेला, परगावच्या एका पोरसवदा ड्रायव्हरचा खडीचा ट्रक न थांबता मुख्य रस्त्यावर आला आणि लोवेलच्या पिकअपमध्ये घुसला. पाटी नव्हती तर ड्रायव्हरचा दोष काय, असं म्हणून ट्रकच्या विमावाल्यांनीही हात वर केले.

पाटी त्याच संध्याकाळी उभी राहिली. नवी कोरी, दोन खांबांवर.

तिसऱ्या दिवशी ड्वेन घरी आला. बायकोने केलेली हॉटडिश घेऊन आला. या भागात बाळंतपण असो, मयत असो, माणूस बटाटे आणि खिम्याची ती परात घेऊनच दारात उभा राहतो. टोपी हातात घेऊन तो स्वयंपाकघरात बसला आणि रडला. खरंच रडला, ढोंग नव्हतं.

"व्हर्ना, चूक आमची आहे. माझ्या वहीत लिहिलेलं आहे. तू कसलीही काळजी करू नकोस."

"काही कागद वगैरे द्यावे लागतील का रे?"

"कागद कसले? आपण काय परके आहोत? काउंटीच्या विम्याचा माणूस फोन करेल, त्याला सगळं सांग. आपल्या माणसांचं आपण बघतो."

विम्याच्या माणसाने फोन केला. दर पंधरवड्याला करत होता. आवाजात साखर घोळलेली. लोवेल कसा आहे, तुम्ही जेवताय ना, झोप लागते का. आणि प्रत्येक वेळी शेवटी एकच: "घाई काही नाही हं, मिसेस टोलेफसन. आधी त्यांच्याकडे बघा." व्हर्ना लोवेलकडे बघत राहिली. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून त्याचे फोन बंद झाले. तिने तीनदा केला, तो उचलला गेला नाही. मग मार्चमध्ये तिने स्वतःच्या हाताने पत्र लिहून क्लार्कच्या कचेरीत दिलं, आणि त्याचं हे उत्तर आलं होतं.

वकिलाकडे जायला तिला आणखी आठ दिवस लागले. लाज वाटत होती. ज्यांच्या लग्नात आपण केक वाढला त्यांच्यावर दावा लावायचा म्हणजे काय! पण गावातल्या वकिलाने "माझा मेहुणा काउंटीच्या बोर्डावर आहे" म्हणून फोनवरच तोंड फिरवलं, आणि लाजेचं रूपांतर दुसऱ्याच गोष्टीत झालं. दीड तास गाडी चालवून ती शहरात नाओमी वेस नावाच्या वकीलबाईकडे गेली.

नाओमीने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "एकोणीस ऑगस्ट म्हणालात? म्हणजे पंधरा फेब्रुवारी."

"पंधरा फेब्रुवारीला काय?"

"एकशे ऐंशी दिवस. मुदत. त्यांचे फोन कधी बंद झाले म्हणालात?"

व्हर्नाने बोटांवर मोजलं. फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. तो साखरेचा आवाज कॅलेंडर समोर ठेवून बोलत होता तर.

राजाने मारलं आणि पावसाने झोडपलं तर दाद कुणाकडे मागायची, असं आपण म्हणतो. या देशाने तर राजाला अडीचशे वर्षांपूर्वीच हाकलून दिलेलं. शाळेत पोरांना ते गाण्यातून शिकवतात. पण राजा गेला तरी त्याचं चिलखत यांनी जपून ठेवलं, आणि आलटून पालटून सगळ्यांनी अंगात घातलं: राज्याने घातलं, काउंटीने घातलं, खड्डे बुजवणाऱ्या खात्यानेही घातलं.

"सरकारच्या परवानगीवाचून सरकारवर दावा चालत नाही," नाओमी सांगत होती. "आपल्या राज्याने ती परवानगी दिली आहे, पण दार उघडलं नाही, नुसती फट ठेवली आहे. त्या चौकात पाटी लावायची की नाही हे ठरवणं त्यांच्या मर्जीचं. लावलीच नसती, तर तुम्ही बोट लावू शकला नसता. लावलेली पडली, कळवूनही उभी केली नाही, तिथं मात्र दावा चालतो. त्यावर पुन्हा रकमेला झाकण. जिंकलात तरी ठरल्यापेक्षा एक छदाम जास्त नाही."

"एक वर्ष निघेल त्यात?"

"वर्ष निघेल. पण त्यासाठी आधी लेखी कळवायचं असतं. क्लार्कला, मुदतीत. तोंडी सांगितलेलं धरत नाहीत. ड्वेनला सांगितलंत, विम्यावाल्याला सांगितलंत, ते सगळं हवेत."

"मग मी बोर्डासमोर बोलले ते?"

नाओमीने पेन खाली ठेवलं. "कधी?"

"ऑक्टोबरच्या सभेत. कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं. मी उभी राहिले, सगळं सांगितलं. तारीख, जागा, पाटी सहा दिवस पडली होती, लोवेलचं डोकं, उजवी बाजू गेली, आणि काउंटीने हे निस्तरावं. सगळं. मार्लिस समोर बसून लिहीत होती."

"लिहीत होती? क्लार्क स्वतः? आणि इतिवृत्तावर तिचीच सही असते?" नाओमी खुर्चीतून जवळजवळ उठलीच. "मिसेस टोलेफसन, कुणी, कधी, कुठं, काय मागितलं एवढं जर त्या इतिवृत्तात असेल, तर मी न्यायाधीशांसमोर उभी राहून भांडेन. कायद्याला जे हवं ते क्लार्कच्या हातात, क्लार्कच्याच अक्षरात, मुदतीत पोचलेलं होतं. नक्की जिंकू असं म्हणत नाही. पण उभं राहायला जमीन मिळेल. तो कागद आणा."

परतताना व्हर्नाने पेट्रोल पंपावर थांबून कॉफी घेतली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला ती कॉफीसारखी लागली.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या इमारतीत, तळमजल्यावरच्या क्लार्कच्या कचेरीत, मार्लिसने हसून तिला बसायला सांगितलं. लोवेल कसा आहे हेही विचारलं. व्हर्नाने ऑक्टोबरचं इतिवृत्त मागितलं. मार्लिसने जाडजूड बांधीव वही काढली, पान उघडलं आणि वही तिच्याकडे फिरवली.

नागरिकांचे मनोगत, असं वर लिहिलं होतं. खाली तीन ओळी. पहिल्या ओळीत कुणाचं तरी भटक्या कुत्र्यांबद्दल. तिसरीत वाचनालयाच्या वेळांबद्दल. आणि मधे:

‘व्हर्ना टोलेफसन यांनी रस्ते विभागाने दाखवलेल्या तत्परतेबद्दल बोर्डाचे आभार मानले.’

व्हर्नाने पान उलटलं. मागे पुढच्या सभेची तारीख होती. तिने पुन्हा उलटलं.

"बाकीचं कुठंय?"

"कुठलं बाकीचं?"

"मी तीन मिनिटं बोलले, मार्लिस."

"हो ना. छान बोललीस. मला तर भरून आलं होतं."

"मग हे काय लिहिलंस?"

"तू आभार मानलेस ना गं?"

मानले होते. व्हर्नाला ते लख्ख आठवलं आणि तिथंच बसल्या जागी स्वतःची जीभ उपटून टाकावीशी वाटली. ती उभी राहिली होती, आणि पहिलं वाक्य असं होतं, की अपघातानंतर ड्वेनने आणि त्याच्या माणसांनी त्याच दिवशी पाटी उभी केली, येऊन भेटून गेले, त्याबद्दल मी आधी बोर्डाचे आभार मानते. इथली रीतच ती. आधी आभार मानल्याशिवाय तक्रार करायची नाही. या गावात डॉक्टरने चुकीचा पाय कापला तर माणूस आधी टाके छान घातलेत म्हणेल आणि मग हळूच दुसऱ्या पायाचा विषय काढेल. तिच्या आईने तिला असंच शिकवलं होतं, तिने तिच्या मुलीला असंच शिकवलं.

"आभार वीस सेकंद होते," व्हर्ना म्हणाली. "उरलेला वेळ मी काय भजनं म्हणत होते का?"

"अगं, रागावू नकोस. तक्रारी आम्ही लिहीतच नाही. माणूस दुःखात असतो, तोंडातून काहीबाही जातं, आणि कागदावर आलं की ते जन्माचं राहतं. उद्या त्यालाच लाज वाटते. म्हणून मी चांगलं तेवढं लिहिते. तीस वर्षं असंच चाललंय. तुझ्यासाठीच केलं मी ते."

"माझ्यासाठी."

"तुझ्यासाठीच. देवाशपथ."

"आणि सभेचं रेकॉर्डिंग करता ना तुम्ही? ते कुठंय?"

"इतिवृत्त मंजूर झालं की पुसतो. नियमच आहे तसा." मार्लिसचं हसू आता ओठांवर नुसतं चिकटून राहिलं होतं. "व्हर्ना, तुला काय हवंय? मी लिहिलेलं मी एकटी बदलू शकत नाही. बोर्डाने मंजूर केलंय. दुरुस्ती करायची तर बोर्डानेच करायला हवी."

"मग बोर्डच करेल," व्हर्ना म्हणाली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मार्लिसला ‘येते’ न म्हणता उठली.

मे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता सभा होती. लोवेलजवळ शेजारणीला बसवून व्हर्ना पहिल्या रांगेत जाऊन बसली. समोर लांब टेबलामागे बोर्डाचे पाच सभासद. मधोमध अध्यक्ष वेंडल श्रूडर, बी-बियाण्यांचा व्यापारी, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारणारा. सगळ्यात टोकाला आर्विड मोएन, वय वर्षं ब्याऐंशी, कानाला यंत्र, तोंडाला लगाम नाही. बाजूला काउंटीचे वकील आणि त्यांच्यापुढे मार्लिस, वही उघडून. मागच्या रांगेत ड्वेन. त्याने व्हर्नाकडे पाहिलं आणि मग आपल्या बुटांकडे.

तिची पाळी आली. वेंडल म्हणाला, "बोल, व्हर्ना. तुला बघून बरं वाटलं."

ती उभी राहिली. जिभेवर ‘आधी आभार’ आलं होतं, अगदी सवयीने. तिने ते गिळलं.

"ऑक्टोबरमध्ये मी इथं उभी राहून सांगितलं की तुमची पाटी सहा दिवस पडली होती, तुम्हाला कळवलेलं होतं, आणि त्यामुळे माझ्या नवऱ्याचं असं झालं. काउंटीने भरपाई द्यावी, असं मी या तोंडाने म्हटलं. तुम्ही पाचही जण ऐकत होता. वेंडल, तू मान डोलवत होतास. वहीत लिहिलंय की मी आभार मानले. ते खोटं आहे. ते दुरुस्त करा. मला दुसरं काही नको. मी जे बोलले ते लिहा, एवढंच."

वेंडलने वकिलांकडे पाहिलं. वकील घसा खाकरून म्हणाले की नोंद खोटी नाही, आभार मानलेच गेले होते. संक्षिप्त आहे इतकंच. दावा उभा राहण्याची शक्यता असताना मंजूर इतिवृत्तात भर घालू नये, असा त्यांचा सल्ला आहे.

"म्हणजे खरं लिहिलं तर ती जिंकेल म्हणून लिहायचं नाही," आर्विड टोकावरून मोठ्याने म्हणाला. "असंच ना? की माझं यंत्र बिघडलंय?"

"आर्विड, हा काउंटीच्या पैशाचा प्रश्न आहे. सगळ्यांच्या कराचा."

"ती कर भरत नाही का? अरे, मी इथंच बसलो होतो. शब्द न् शब्द ऐकलाय मी, आणि मी बहिरा आहे! मी सूचना मांडतो. ऑक्टोबरच्या इतिवृत्तात व्हर्ना टोलेफसन जे बोलली ते घालावं."

"सूचना मांडली गेली आहे," वेंडल म्हणाला. त्याच्या आवाजातली थाप नाहीशी झाली होती. "कुणाचं अनुमोदन?"

एकानेही अनुमोदन दिलं, तर चर्चा होणार होती, मतं पडणार होती, हरली असती तरी नावानिशी हरली असती. न दिलं, तर सूचना तिथंच मरणार. व्हर्नाने एकेका तोंडाकडे पाहिलं. पहिला सभासद तिच्या मुलीच्या वर्गात होता. तो चष्मा पुसायला लागला. दुसरीने लोवेलसाठी दोनदा रुबार्बच्या वड्या पाठवल्या होत्या. ती समोरच्या कागदाच्या कडा जुळवत होती. तिसरा खिडकीबाहेर बघत होता, बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा जोरात वाजत होता.

"ड्वेन!" व्हर्ना मागे वळली. "तू होतास त्या दिवशी. तुझ्या वहीत लिहिलंय म्हणालास. सांग ना यांना!"

ड्वेन उभा राहिला. तोंड उघडलं. "मला… वकिलांनी बोलू नको म्हटलंय, व्हर्ना."

"मग माझ्या स्वयंपाकघरात कशाला रडलास, मेल्या?"

तो तसाच खाली बसला. वेंडलने टेबलावर हातोडी ठोकली, फार जोरात नाही. "अनुमोदन नाही. सूचना बाद. व्हर्ना, मला मनापासून वाईट वाटतं. आमचे हात बांधलेले आहेत."

"कुणी बांधले? दिसू दे ना मला दोरी!" तिचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची तिला जरासुद्धा इच्छा नव्हती. "मार्लिस, लिही. आज सूचना आली आणि या चौघांपैकी कुणी तोंड उघडलं नाही, हे तरी लिही. नावं घाल."

मार्लिसने वर पाहिलं नाही. "अनुमोदन नसलेली सूचना आम्ही लिहीत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "पद्धत नाही."

तेव्हा आर्विड हसला. हसणं चांगलं नव्हतं. "बस खाली, पोरी. असंच होतं इथं. सतरा वर्षांपूर्वीही मीच मांडली होती अशी सूचना. इबारा आठवते तुला? टर्कीच्या मांसाच्या कारखान्यात कामाला होती ती. आपल्या रस्त्याखालची मोरी खचली आणि तिची नऊ वर्षांची मुलगी सायकलसकट आत गेली. जगली, पण पाय गेला. आई शहरातल्या इस्पितळात पोरीच्या उशाशी बसलेली, तिला कुठलं कॅलेंडर? दावा अकरा दिवस उशिरा आला. मी म्हटलं, उशीर सोडून द्या, ऐकून घ्या. अनुमोदन मिळालं नाही." त्याला काही झाकता येत नसे, म्हणून पुढचंही बोलला, "तुझा नवरा त्या खुर्चीत बसायचा तेव्हा. बारा वर्षं बसला. तो त्या दिवशी टेबलाकडे बघत होता."

व्हर्ना उभीच होती. तिला वाटलं, आर्विडला म्हणावं की हे खोटं आहे. पण ती सभा तिला आठवत होती. सभा नव्हे, त्या दिवशीचं संध्याकाळचं जेवण. लोवेल हात धुऊन बसला होता आणि म्हणाला होता, आज एक बाई आली होती, बिचारी. पण नियम म्हणजे नियम, एकाला सोडलं की सगळे येतात. व्हर्नाने विचारलं होतं, अजून पाय घेणार का? सफरचंद भरून भाजलेला गोड पाय होता तो.

ती कुणाचे आभार न मानता बाहेर पडली. जिन्यावर तिच्या मागून कुणीतरी, बहुतेक त्या रुबार्बवालीने, "व्हर्ना, गैरसमज करून घेऊ नकोस गं" असं म्हटलं. व्हर्ना वळून म्हणाली, "गैरसमज आठ महिने होता. आज गेला." गाडीची किल्ली तिच्या हातून दोनदा खाली पडली. वेंडलचा राग, मार्लिसच्या प्रेमळ अक्षराचा राग, त्या साखरेच्या आवाजाचा राग; ते सगळे राग धरायला सोपे होते. एक राग मात्र कुठं ठेवायचा ते तिला गाडी चालवताना वाटभर सुचलं नाही.

घरी शेजारीण निघून गेली. लोवेल खिडकीजवळच्या खुर्चीत होता. दुपारचं ऊन त्याच्या निकामी हातावर पडलं होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि बराच वेळ जमवाजमव करून विचारलं, "काय… झालं?"

"सभा होती."

"सभा," तो म्हणाला. हा शब्द त्याला आवडल्यासारखा दिसला.

"तुझ्या व्यायामाचं होतं, लोवेल. ते आता होणार नाही. आर्विडने सूचना मांडली." तिने पर्स टेबलावर आपटली. "अनुमोदन मिळालं नाही."

लोवेलच्या कपाळाला आठ्या पडल्या. चमच्याला काय म्हणतात ते त्याला सांगता येत नव्हतं. मुलीचं नाव कधी यायचं, कधी नाही. पण बारा वर्षं त्या टेबलाशी बसून ऐकलेला तो शब्द कुठंतरी आत शाबूत राहिला असावा. त्याचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून उठला. हळूहळू, थरथरत, खांद्याच्या वर गेला. आठ महिन्यांत तो इतका वर कधी गेला नव्हता.

"मी," लोवेल म्हणाला. "अनु… मोदन. मी देतो."

व्यायामाच्या बाईने हे पाहिलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या. व्हर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते आनंदाचं नव्हतं.

"आत्ता देतोस?" ती ओरडली. "आत्ता? ती बाई समोर उभी होती तेव्हा हा हात कुठं होता? तिच्या पोरीचा पाय गेला होता, लोवेल! अकरा दिवस! टेबलात काय बघत होतास तू?"

त्याला काही कळलं नाही. इबारा कोण, पोर कुणाची, ही बायको आपल्यावर का ओरडते. तो तिच्याकडे भाबडेपणाने पाहत राहिला, शाळेत बरोबर उत्तर देऊनही मार खाल्लेल्या मुलासारखा. ओठाच्या कडेने लाळ आली होती. तिने ती पुसली नाही, जरा वेळ तरी नाही.

"खाली घे तो हात," ती म्हणाली.

त्याने घेतला नाही. कुणीतरी मोजेल म्हणून तो थांबला होता.

ती ओट्याकडे वळली आणि त्याचं सूप गरम करायला ठेवलं. पाठमोरीच म्हणाली, "मी सुद्धा काही बोलले नव्हते. अजून पाय घेणार का म्हणून विचारलं. तू दोन तुकडे खाल्लेस." सूप उकळायला लागलं तरी तिने गॅस बंद केला नाही. मागे खुर्चीत हात अजून वरच होता.